एकट्यानं भागानगर

आमच्या घरात ‘राजधानी’ हा शब्द दोन अर्थांनी चालायचा. वडिलांच्या तोंडी आला की मुंबई, आजोबांच्या तोंडी आला की हैदराबाद. आजोबा तर तिला भागानगरच म्हणायचे. इनामाच्या जमिनीचा मुंतखब काढायला ते दोनदा तिकडे जाऊन आले होते, आणि दोन्ही वेळी कागद न मिळता बिस्किटं घेऊन परतले होते, अशी घरची दंतकथा. आता तो कागद कुठं आहे कुणालाच ठाऊक नाही. पण अलीकडे आरक्षणाच्या निमित्तानं ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द पारावर बसणाऱ्या पोरांच्याही तोंडी आला, आणि मला वाटलं, एकदा ते शहर नीट पाहून यावं. लग्नाच्या खरेदीला गेलो तसं नाही, रामोजी फिल्म सिटीच्या बसनं तर नाहीच. आपली जुनी राजधानी म्हणून.

एकट्यानंच जायचं ठरवलं. घरच्यांना सोबत नेलं की शहराचं वेळापत्रक पोटाच्या आणि पायांच्या तक्रारींवर ठरतं. एकटा माणूस एखाद्या झाडाखाली अर्धा तास उभा राहिला तर त्याला कुणी ‘चला’ म्हणत नाही.

हिंगोलीतून हैदराबादला जायला डोकं लागत नाही. अकोला-वाशीमकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग 161 दारावरून जातो. तोच कळमनुरी, आखाडा बाळापूर, अर्धापूर, नांदेड करत देगलूरला महाराष्ट्र सोडतो आणि मदनूर, पिटलम, जोगीपेटवरून सांगारेड्डीला नेऊन सोडतो. तिथून शहर सुरूच झालेलं असतं. वाटेत नायगावजवळ नरसी लागते. दरवेळी ती पाटी बघून मन क्षणभर फसतं, कारण आमची नरसी म्हणजे नामदेवांची, हिंगोलीपासून हाकेच्या अंतरावरची. ही दुसरी. फाल्गुनातली दुपार, जेवून निघालो, अंधार पडल्यावर नामपल्लीच्या एका लॉजच्या तळघरात गाडी लावली आणि दुसऱ्या दिवसभर तिला हात लावला नाही. हैदराबादेत गाडी चालवणं हा वेगळा छंद आहे, तो ज्यांना असेल त्यांना लखलाभ.

सकाळी सहाला बाग-ए-आममध्ये शिरलो. आता सगळे ‘पब्लिक गार्डन’ म्हणतात, म्हणजे त्याच नावाचं भाषांतर. नामपल्ली स्टेशनपासून चालत जाण्याजोगी. बागेच्या कडेला पांढरीशुभ्र घुमटांची इमारत दिसते, ती तेलंगणाची विधानसभा. मूळ नाव टाऊन हॉल. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त लोकवर्गणीतून बांधायला घेतला, 1905 ते 1913 काम चाललं, आणि पूर्ण होईपर्यंत ते निजामच उरले नव्हते. ज्याच्या वाढदिवसाची भेट, तो 1911 मध्येच गेला. सरकारी बांधकामाचा वेग तेव्हाही असाच होता म्हणायचा.

बागेत 1924 ची शाही मशीद आहे, तळं आहे, आणि ज्युबिली हॉल आहे. सातव्या निजामाच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव 1937 साली याच हॉलमध्ये साजरा झाला. अकरा वर्षांनी, 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात घुसल्या आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आमच्याकडे हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. हिंगोलीत त्या सकाळी झेंडावंदन, शाळेची प्रभातफेरी, स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा सत्कार. इकडे त्या तारखेचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं खल झाला. 2022 पासून सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तो याच बागेत, ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून. सरकार बदलल्यावर 2024 मध्ये त्याचं नाव ‘प्रजा पालन दिन’ झालं. दिवस एकच, पण आमच्या बाजूला मुक्ती, त्यांच्या बाजूला एकात्मता, मग प्रजेचं राज्य. या संस्थानात सोळा जिल्हे होते: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका. सोळा जिल्ह्यांची तीन राज्यांत वाटणी 1956 ला झाली, आणि वाटणीत सामान गेलं तरी आठवणी ज्याच्या त्याच्याकडे उरतात.

तळ्याकाठच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ फिरून येऊन घाम पुसत होते. पांढरी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट.

“कां से आए?”

“हिंगोली.”

“हौ, नांदेड के बाजू. हमारे दादा थे वां, फौज में.”

मी जरा सावरून बसलो. कारण हे अगदी शक्य होतं. हैदराबाद कंटिन्जेंटची छावणी हिंगोलीत 1819 पासून 1903 पर्यंत होती आणि ठगांच्या बंदोबस्ताच्या इतिहासातही आमच्या गावाचं नाव येतं. चाचांच्या आजोबांचा काळ त्यात बसतो की नाही याचा हिशेब मी घातला नाही. त्यांनी डब्यातलं बिस्किट पुढे केलं. मी साखर कमी केल्याचं सांगून “नक्को” म्हणालो, आणि दोघंही हसलो. दखनीनं ‘नको’ आमच्याकडून उचलला आणि वर एक ‘क’ जोडून घेतला. ‘हौ’ मात्र कुणी कुणाकडून घेतला सांगता येत नाही. आमच्याकडेही शेतात हाक मारली की पलीकडून ‘हौ’च येतं.

बागेतलंच राज्य वस्तुसंग्रहालय उघडेपर्यंत चहा झाला. 1930 मध्ये इथं सुरू झालेलं हे म्युझियम शाळेच्या सहलींत ‘ममीचं म्युझियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. इजिप्तमधली एक मुलगी, सहाव्या निजामाच्या जावयानं विकत घेऊन आणलेली, हवाबंद काचेच्या पेटीत झोपलेली आहे. समोर तिसरी-चौथीची मुलं एकमेकांना चिमटे काढत होती आणि बाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. मी तिथं फार थांबलो नाही. मेलेल्या लेकराभोवती रांग लावून उभं राहणं मला बरं वाटत नाही.

पण शेजारच्या अजिंठा दालनात मी तासभर काढला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या हाती काढलेल्या प्रतिकृती इथं आहेत. अजिंठा निजामाच्या राज्यात होतं; 1914 मध्ये संस्थानानं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख, आणि लेण्यांची निगा, रस्ता, छायाचित्रण, सगळं त्या खात्यानं केलं. 1920 च्या सुमारास तर इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून भिंतीवरचे सुटणारे पापुद्रे पुन्हा चिकटवून घेतले. रंग टिकावेत म्हणून तेव्हा वर लाखेचं व्हार्निश दिलं गेलं. तेच पुढं पिवळं पडलं, आणि ते उतरवण्यात नंतरच्या पिढ्यांचे हात गुंतले. म्हणजे आज लेण्यात उभं राहून जी पिवळसर छटा आपण ‘प्राचीन’ म्हणून कौतुकानं बघतो, तिच्यातला काही भाग जेमतेम शंभर वर्षांचा. आमच्याच मराठवाड्यातला पद्मपाणी साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकून, दुसऱ्याच राज्यातल्या बागेत, पंख्याच्या वाऱ्याखाली पाहताना जरा विचित्र वाटलं. पण फर्दापूरजवळच्या लेण्यातल्या त्या अंधारात, मागून पुढे सरका म्हणणाऱ्या गर्दीत, त्याच्या हातातलं कमळ मला कधी इतकं निवांत बघायला मिळालं नव्हतं.

नामपल्लीहून मेट्रोनं दोन स्टेशनं पुढे, उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरलो. हा कोठीचा भाग. पुस्तकांची दुकानं, कापडाची दुकानं, आणि इथंच जामबागेत विवेक वर्धिनी ही शाळा. पर्यटकांच्या यादीत ही जागा नसते, आणि असायचं कारणही नाही, पण हिंगोलीच्या माणसानं इथं येऊन पायरीला हात लावावा. या संस्थेच्या उभारणीत वामनराव नाईकांबरोबर ज्यांचं नाव येतं ते केशवराव कोरटकर आमच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या पुरजळचे. 1867 चा जन्म. वकिली केली, हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आर्य समाजाचं काम केलं, आणि राजभाषा उर्दू असलेल्या राज्यात मराठी शाळा उभ्या केल्या. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठी पोरानं मराठीत शिकायचं तर कुणीतरी खाजगी शाळा काढायला हवी, आणि त्यासाठी दरबाराची मर्जीही सांभाळायला हवी. पुरजळहून आलेल्या माणसानं हे दोन्ही केलं. त्यांच्या नावाची केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था नारायणगुड्यात आहे. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री झाले. पुरजळात त्यांच्याबद्दल किती पोरांना माहीत आहे, हे मी अजून विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराला मी मराठीत विचारलं, “आत येऊ का?” त्यानं तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि हातानं ‘या’ केलं. पटांगणात मुलं क्रिकेट खेळत होती. शिव्या तीन भाषांत.

जेवण करून मुसीकडे निघालो. अफजलगंजला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंच आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला जो पूर आला त्यात हजारो माणसं गेली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. उर्दू रुबायांचे मोठे कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात गेली. या चिंचेवर चढून दीडशेएक माणसं वाचली, असं सांगतात. मी कयाधूच्या काठचा, पुराचं पाणी घरात शिरलेलं मला माहीत आहे, पण झाडावर रात्र काढणं माहीत नाही. खाली उभं राहून वर बघितलं. बुंधा जाड, सुरकुतलेला, आणि खालच्या फांद्या अशा की लुगडं नेसलेली बाईही चढू शकेल. भोवती रुग्णांचे नातेवाईक डबे सोडून बसलेले. त्यांच्यासाठी ती सावली. शेजारीच मुसीत मोठं बसस्थानक आहे, आपल्या एसटीच्या गाड्याही तिथं येतात, आणि त्या जागेचं जुनं नाव इमलीबन, चिंचेचं बन.

त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि त्यांच्या आराखड्यातून मुसीवर उस्मानसागर (1920) आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर (1927) झाले. पाणी अडवायला बांधलेल्या या तलावांनी पुढे कित्येक वर्षं शहराला पाणी पाजलं. आज मुसी मात्र वासावरून ओळखू येते.

पलीकडच्या काठावर सालारजंग म्युझियम. शुक्रवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान तेविसाव्या वर्षी निजामाचे दिवाण झाले, दोन-अडीच वर्षांत पद सुटलं, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी वस्तू जमवण्यात घालवलं. लग्न केलं नाही. 1949 मध्ये वारले. 1951 च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांच्या हवेलीतच संग्रहालय खुलं झालं. आताच्या इमारतीत ते 1968 ला आलं. वस्तू चाळीस हजारांहून अधिक. त्या सगळ्या बघायच्या असतील तर शेत विकून इथंच खोली घ्यावी लागेल.

मी दोनच गोष्टींसाठी गेलो होतो. एक, इटालियन शिल्पकार बेन्झोनीची पदर घेतलेली रिबेका. संगमरवर एकच, पण चेहऱ्यावर ओली मलमल आल्यासारखी. आमच्या औंढ्याच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दागिन्यांनी मढलेल्या शेकडो आकृती आहेत, काळ्या दगडात हाराचा मणीसुद्धा कोरलाय. पण झाकून दाखवणं ही कल्पना त्या कारागिरांना सुचली नव्हती, किंवा बहुधा हवीच नव्हती.

दुसरं ते घड्याळ. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्हीनं जुळवलेलं. दर तासाला आतलं दार उघडतं, एक दाढीवाला इवलासा माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके टोल देतो आणि परत आत जातो. दुसरा एक लोहार सगळा वेळ घणाचे घाव घालत सेकंद मोजत असतो. चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हाच खुर्च्या भरल्या होत्या. उभ्या लोकांचे मोबाईल वर. आजी, नात, कॉलेजची पोरं, एक जवान, मी. तो माणूस बाहेर आला, चार टोल दिले, आत गेला. पाव मिनिटाचा कार्यक्रम असेल. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी पाच वाजेपर्यंत पुन्हा बसलो. एकटा नसतो तर हे जमलं नसतं.

बाहेर पडलो तेव्हा पथ्थरगट्टीत वाहनं अशी अडकली होती की पुढं जाण्यापेक्षा मागं फिरणं शहाणपणाचं. लांबवर मिनारांची टोकं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. देगलूरला मराठी पाट्या आल्या, अर्धापूरला केळीच्या बागा, आणि बाळापूरच्या अलीकडे हळद शिजवण्याचा वास. रस्त्याकडेला कढई चढली होती, वाफेत दोन माणसं टोपलं उलटत होती. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वास त्याच्या कितीतरी आधीपासून हाच आहे.

घरी पिशवीतून उस्मानिया बिस्किटं काढली. आईनं एक चहात बुडवलं, तुटून पडलं, चमच्यानं काढलं.

“चारमिनार बघितला का रं?”

“बघितला. लांबून.”

“तुझे आजोबाबी असंच सांगायचे,” आई म्हणाली आणि दुसरं बिस्किट घेतलं.