दोन आजार, एक कळ

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि संगणक

खापरखेडा विदर्भाच्या सिकलसेल पट्ट्यात, म्हणजे रक्ताचा हा आनुवंशिक आजार जास्त आढळणाऱ्या भागात येतं.

• दोष: सिकलसेलमध्ये ११व्या गुणसूत्रावरच्या एचबीबी जनुकात एकच अक्षर बदलतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. याच जनुकातल्या इतर बिघाडांमुळे बीटा थॅलेसेमिया होतो.

• वाहक की रुग्ण? एक सदोष प्रत असेल तर वाहक (एएस), दोन असतील तर रुग्ण (एसएस). आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण बाळाची शक्यता २५ टक्के.

• शोध: अनेकांचे जनुकीय आराखडे संगणकावर ताडून २००७-०८मध्ये बीसीएल११ए जनुकाची भूमिका कळली. ते जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन दाबतं. हा दाब काढला की दोन्ही आजार सौम्य होतात.

• औषध: या शोधावर बेतलेली ‘कॅसजेव्ही’ ही जनुकीय उपचारपद्धती ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ला दोन्ही आजारांसाठी मंजूर. हायड्रॉक्सीयुरिया हे दुसरं औषध मूळचं कर्करोगावरचं. अमेरिकेत १९९८पासून सिकलसेलसाठीही.