स्पेनला महिनाभर जाऊन स्पॅनिश येतं का? कोडोलीतून निघायच्या आधी हा हिशोब मांडून बघा

जून महिना. कोडोलीत पहिला पाऊस झालेला असतो, वारणेचं पाणी चढायला लागतं आणि घराघरात एकच विषय असतो, ॲडमिशन. नेमक्या त्याच दिवसांत मोबाईलवर रील यायला लागतात. मागे दगडी चौक, हातात कॉफी आणि खाली मजकूर : चार आठवडे स्पेनमध्ये राहा आणि फाडफाड स्पॅनिश बोला.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोराला स्पॅनिशचं काय पडलंय, असं कुणी विचारेल. तर ज्या जिल्ह्यात शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला गर्दी उसळते आणि वर्ल्डकप आला की चौकाचौकांत मेस्सीचे कटआऊट लागतात, तिथं ही भाषा परकी राहत नाही. त्यात 'मनी हाइस्ट' बघून ॲप डाऊनलोड केलेले आहेत, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन क्लास लावलेले आहेत. जगात २० देशांची ही अधिकृत भाषा आहे आणि जवळपास ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. त्यामुळे नोकरीसाठीही लोक शिकतात.

पण यातल्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकते. ओळख करून देता येते, चहा-कॉफी मागवता येते, पुस्तकातला धडा कळतो. समोरचा वेगात बोलायला लागला की मात्र विषय हार्ड होतो. मग वाटतं, तिकडं गेल्याशिवाय काय ही भाषा यायची नाही.

हे खरंय का? आणि घरच्यांचे लाखांतले पैसे यात घालावेत का? एकेक मुद्दा बघूया.

'मधली लेव्हल' म्हणजे नक्की काय?

युरोपात भाषा मोजायची एक पट्टी आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यावर सहा पायऱ्या आहेत : ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. यातल्या बी१ आणि बी२ म्हणजे मधली लेव्हल.

बी१ म्हणजे प्रवासात, दुकानात, ओळखीच्या विषयावर निभावून नेता येणं. बी२ म्हणजे आपलं मत मांडणं, वाद घालणं आणि स्पॅनिश माणसाला फार थांबावं न लागता गप्पा मारता येणं. या दोन पायऱ्यांमधलं अंतर सगळ्यात जास्त छळतं. ए१ला रोज नवीन काहीतरी आल्यासारखं वाटतं. बी१नंतर महिना महिना अभ्यास करूनही आपण जागेवरच आहोत असं वाटत राहतं.

चार आठवड्यांत किती शिकून होतं?

इथं जाहिरात बारकाईने वाचायची. इंटेन्सिव्ह कोर्समध्ये बहुतेक ठिकाणी आठवड्याला २० तासिका असतात. चार आठवड्यांच्या झाल्या ८०. पण अनेक संस्थांमध्ये एक तासिका ५० मिनिटांची असते. म्हणजे ८० तासिका म्हणजे ४,००० मिनिटं, म्हणजेच ६६ तास ४० मिनिटं.

एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायला साधारण १५० ते २०० तासांचा अभ्यास लागतो असं धरलं जातं. थोडक्यात, महिनाभराच्या क्लासमध्ये एक अख्खी पायरीसुद्धा पूर्ण होत नाही. बी१ला गेलात तर येताना बी१च्या पुढच्या टप्प्यावर असाल. 'बी१ टू सी१ इन वन मंथ' असं कुणी सांगत असेल तर तिथूनच मागे फिरा.

मग लोक जातात कशाला? कारण पैसे खरं तर उरलेल्या तासांचे असतात. क्लास सुटल्यावर घरमालकिणीशी बोलणं, बसच्या स्टॉपवर विचारणं, मेडिकलमध्ये औषध मागणं. हे तास कोडोलीत मिळत नाहीत.

तिकडं गेलं की आपोआप येतं का?

नाही. आणि यावर अभ्यास झालेत.

२००४ मध्ये बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगॅलोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे तीन गट तपासले. एक गट आपल्याच कॉलेजात शिकत होता, दुसरा फ्रान्सला गेला होता आणि तिसरा अमेरिकेतच राहून उन्हाळी निवासी वर्गाला बसला होता. बोलण्यातला सहजपणा सगळ्यात जास्त कुणाचा वाढला? तिसऱ्या गटाचा. कारण ती मुलं वर्गाबाहेरही जास्त वेळ फ्रेंचच वापरत होती. फ्रान्सला गेलेली मुलं वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होती.

स्पॅनिशबद्दलही असंच काहीसं दिसलं. स्पेनच्या आलिकांते शहरात एक सेमिस्टर राहिलेल्या विद्यार्थ्यांची तुलना मायदेशी शिकणाऱ्यांशी केली गेली. स्पेनला गेलेले गोष्ट सांगण्यात आणि बोलण्याच्या ओघात पुढे निघाले. व्याकरणात मात्र घरी शिकलेलेच सरस ठरले.

अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजच्या उन्हाळी भाषावर्गांत तर विद्यार्थ्यांकडून लेखी शपथ घेतात, की कोर्स संपेपर्यंत शिकायची ती भाषा सोडून दुसरी बोलणार नाही. तिथला स्पॅनिश वर्ग १९१७ पासूनचा. म्हणजे देशापेक्षा नियम महत्त्वाचा, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं.

उन्हाळ्यात स्पेनमधले हे वर्ग जर्मन, अमेरिकी, इटालियन मुलांनी भरलेले असतात. मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीवर येतात. त्यात एखादा पुण्या-मुंबईचा भेटला की आपण मराठीवर येतो. संध्याकाळी खोलीवर जाऊन घरी व्हिडिओ कॉल. दिवस संपला, आणि स्पॅनिश झालं फक्त क्लासमधलं.

मराठी माणसाला एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही

आपल्याकडे स्पॅनिश शिकवतात इंग्रजीतून. त्यामुळे मराठी माध्यमाच्या पोराला वाटतं, आपलं इंग्रजीच कच्चं, स्पॅनिश कुठून येणार? प्रत्यक्षात मधल्या लेव्हलची अवघड म्हणून गाजलेली बरीच प्रकरणं मराठीत आधीच आहेत.

'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य घ्या. इंग्रजी बोलणारा इथं गडबडतो, कारण त्याच्या डोक्यात 'मी आवडतो कॉफी' अशी रचना असते. आपण काय म्हणतो? मला कॉफी आवडते. स्पॅनिशमध्ये तंतोतंत हेच आहे.

दुसरं प्रकरण दोन भूतकाळांचं. 'फुई' म्हणजे गेलो, 'इबा' म्हणजे जायचो. काल मी नदीवर गेलो आणि लहानपणी मी नदीवर जायचो, यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. बी१च्या वर्गात यावर आठवडे जातात.

तिसरं प्रकरण सगळ्यात बदनाम, सबजंक्टिव्ह. 'किएरो के बेंगास' म्हणजे तू यावंस अशी माझी इच्छा आहे. 'येतोस' न म्हणता आपण 'यावंस' म्हणतो, तसंच स्पॅनिश क्रियापद रूप बदलतं.

चौथं : 'बेओ ला कासा' म्हणजे मी घर बघतो, पण 'बेओ आ मारिया' म्हणजे मी मारियाला बघतो. माणूस आला की स्पॅनिशमध्ये 'आ' लागतो, आपल्याकडे 'ला' लागतो.

समोरच्याला 'तू' म्हणायचं की 'उस्तेद', हा प्रश्नही तू आणि तुम्ही-आपणसारखाच. उच्चारातले त आणि द आपले दंत्यच आहेत, इंग्रजीसारखे ट-ड करू नका. आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण असल्यामुळे काही शब्द तर आपल्या घरातच आहेत. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला आणि स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. बिजागरीला स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा' म्हणतात.

सगळंच सोपं आहे असं नाही. 'असणं' यासाठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत, ती आपल्यालाही रडवतात. पण नोट्स काढताना इंग्रजीऐवजी मराठी वाक्य शेजारी लिहून बघा, फरक जाणवेल.

खरी अडचण : त्यांचा उन्हाळा, आपला पावसाळा

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची. त्यांची जून ते ऑगस्ट. जूनमध्ये आपल्याकडे परीक्षा लांबलेल्या असतात किंवा नवीन वर्ष सुरू झालेलं असतं. म्हणजे त्यांच्या समर प्रोग्रामला जायचं तर आपल्या कॉलेजची हजेरी बुडते.

यावर उपाय आहे. स्पेनमधल्या बऱ्याच खाजगी भाषाशाळांमध्ये ए१ सोडून बाकी लेव्हलना जवळपास दर सोमवारी प्रवेश मिळतो. त्यामुळे मधल्या लेव्हलवाल्याला मे महिन्यातही जाता येतं. गर्दी कमी असते, ऊनही सोसवतं. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलसारख्या दक्षिणेच्या शहरांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि ऑगस्टमध्ये स्थानिक लोकच सुट्टीवर जातात. मग बोलणार कुणाशी?

व्हिसा आणि पैसे

९० दिवसांच्या आतला कोर्स असेल तर शेंगेन शॉर्ट-स्टे व्हिसा लागतो. त्याहून मोठ्या कोर्सला वेगळा, दीर्घ मुदतीचा स्टुडंट व्हिसा. शॉर्ट-स्टेची फी मोठ्यांसाठी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण एप्रिल-मेमध्ये पर्यटकांची गर्दी असल्यामुळे शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नका. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची फेरी धरून चाला.

फीच्या आकड्यात काय काय धरलेलं नाही ते विचारा : विमान तिकीट, राहणं, जेवण, पुस्तकं, लेव्हल टेस्ट, विमा, शहरातला प्रवास. आणि एक गोष्ट स्पष्ट हवी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, अशा महिनाभराच्या कोर्ससाठी नाही. म्हणजे ऊसबिलातून किंवा बचतीतूनच हे करायचं आहे. म्हणूनच हिशोब आधी हवा.

जायचंच असेल तर कुठं?

सालामांका विद्यापीठ १२१८ चं. शहर लहान, पायी फिरता येतं, उच्चार नवख्याला कळतात. ग्रानादा विद्यापीठाचंही परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र भाषा केंद्र आहे, पण तिथली बोली शब्दाच्या शेवटचा 'स' गिळते, कानाला सवय लागायला वेळ लागतो. सांतान्देरचं मेनेन्देस पेलायो विद्यापीठ १९३२ मध्ये उन्हाळी विद्यापीठ म्हणूनच सुरू झालं. बार्सिलोना सुंदर आहे, पण तिथं रस्त्यावरच्या पाट्यांपासून शाळेपर्यंत कातालान भाषाही असते, हे लक्षात ठेवा.

स्पेनच हवं असंही नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९२१ मध्येच उन्हाळी शाळा काढली होती, ती आजही वेगळ्या नावाने चालते. आणि मेक्सिकोशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलंय. त्यांची भाषा कोर्सने नाही, कामाने पक्की झाली असणार.

मग करायचं काय?

घरी बसून होतं ते घरी उरकून घ्या. व्याकरण आणि शब्दसाठा इथंही होतो. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकवतात, दिल्लीतली इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची संस्था ऑनलाइन वर्गही घेते. बी१ पक्का झाल्याशिवाय तिकीट काढू नका. ए२वर गेलात तर तिथले पहिले दोन आठवडे नुसते ऐकण्यात जातील.

गेल्यावर हॉस्टेलपेक्षा स्थानिक कुटुंबात राहा. रात्रीचं जेवण नऊ-दहाला असतं आणि तोच खरा क्लास. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगून भागत नाही, भाजीच्या सूपमध्येही हॅमचे तुकडे निघतात. 'सिन कार्ने नी पेस्कादो', म्हणजे मांस नको आणि मासेही नकोत, हे वाक्य पाठ करून जा.

परत आल्यावर कोर्सचं सर्टिफिकेट नोकरीत फार चालत नाही. चालतं ते डेले. बी१ आणि बी२ला वाचन-लेखन आणि ऐकणं-बोलणं अशा दोन गटांत प्रत्येकी ५० पैकी ३० गुण लागतात, आणि हे प्रमाणपत्र कायमचं असतं.

आणि पैसे जमत नसतील तर? तर त्या २००४ च्या अभ्यासातला तिसरा गट आठवा. ती मुलं कुठंच गेली नव्हती. दोन-तीन मित्र गोळा करा, मे महिन्यात रोज चार तास ठरवा, इंग्रजी-मराठी बंद, ऑनलाइन एखादा स्पॅनिश बोलणारा जोडीला घ्या. स्पेन बघायचा राहील, पण स्पॅनिश नक्की पुढे सरकेल. स्पेन काय, पहिल्या पगारातूनही बघता येतो.