लेखांक सहावा : एक ताप घामाचा, एक बिनघामाचा

यिन-यांग आणि पंचतत्त्वांची मांडणी आपण मागच्या लेखांकांत पाहिली. पण तापाने फणफणलेला रोगी समोर बसलेला असताना वैद्य या मांडणीचं नेमकं काय करतो? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर ज्या ग्रंथात मिळतं, त्याचं नाव ‘शांगहान लुन’. थंडीच्या आघाताने येणाऱ्या ज्वरांवरचा हा ग्रंथ हान राजवटीच्या अखेरीस झांग झोंगजिंग या वैद्याने लिहिला. त्याच्या नावावर असलेली प्रस्तावना वाचताना अंगावर काटा येतो. कुळात २०० हून अधिक माणसं होती. इ. स. १९६ मध्ये ज्यानआन कालखंड सुरू झाला आणि पुढच्या १० वर्षांच्या आत त्यांतली दोन तृतीयांश दगावली. दगावलेल्या दर दहांपैकी सात जण या ज्वराने गेले. मूळ ग्रंथ पुढे विस्कळीत झाला. वांग शूहे या वैद्याने तिसऱ्या शतकात त्याची जुळवाजुळव केली आणि सोंग राजवटीतल्या संपादकांनी १०६५ मध्ये तो छापून काढला. चिनी वैद्यकाचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात.

दोन रोगी डोळ्यांसमोर आणा. दोघांनाही ताप, दोघांचंही डोकं दुखतंय, दोघांनाही थंडी सोसत नाही. आपण दोघांना एकच गोळी देऊ. झांग मात्र आधी कातडीला हात लावून पाहतो. पहिल्याची कातडी ओलसर आहे, त्याला वारा नकोसा झालाय आणि नाडी वरवर लागते, पण ढिली. दुसऱ्याची कातडी कोरडी ठक्क, अंग ठणकतंय, श्वासाला धाप आहे आणि नाडी वरवर असली तरी ताणलेली. रोगाचं नाव एकच, तरी काढे दोन वेगळे.

घाम येणाऱ्याला मिळतो ग्वेजी तांग. त्यात पाचच जिन्नस: दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, पिओनी या फुलझाडाचं मूळ, ओलं आलं, लाल चिनी बोरं आणि मधात परतलेलं ज्येष्ठमध. डहाळ्या, पिओनी आणि आलं प्रत्येकी ३ ल्यांग (ल्यांग हे वजनाचं माप), ज्येष्ठमध २ ल्यांग, बोरं १२. पाणी ७ शंग. शंग म्हणजे हान काळातलं सुमारे २०० मिलिलिटरचं माप. मंद आचेवर ७ चे ३ शंग उरवायचे आणि त्यातला एक शंग प्यायचा. कृती इथे संपत नाही, आणि माझ्या मते या ग्रंथाचं मोठेपण पुढच्या ओळींत आहे. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम, पातळ तांदळाची पेज प्यायची, म्हणजे औषधाला जोर मिळतो. मग सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडायचं. अंगभर हलकासा ओलावा यायला हवा. पाण्यासारखा घाम निथळला, तर रोग जाणार नाही. पहिल्याच मात्रेत घाम येऊन बरं वाटलं, तर उरलेला काढा घ्यायचा नाही. नाही आला, तर दुसरी मात्रा, मग तिसरी, अंतर कमी करत. आणि तोवर कच्चं, थंड, चिकट, मांस, मद्य वर्ज्य.

आपल्याकडेही तापातल्या पेजेला शास्त्राधार आहे. चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत यवागू, म्हणजे पेज, अग्नी प्रदीप्त करते आणि पातळ व उष्ण असल्याने घामही आणते, असं सांगितलं आहे. हजारो मैलांवरच्या दोन परंपरांत तापाच्या रोग्यापुढे तांदळाची पेज ठेवली जाते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आधीच घाम येत असलेल्या माणसाला घाम आणणारं औषध कशासाठी? इथे सिद्धान्त कामाला येतो. शरीराच्या पृष्ठभागाचं रक्षण करणारी शक्ती म्हणजे ‘वेइ’. तिच्या आतल्या बाजूने वाहणारी, पोषण करणारी शक्ती म्हणजे ‘यिंग’. या रोग्यात दोघींचा मेळ बिघडलाय. रक्षण सैल पडल्यामुळे पोषक द्रव आपोआप बाहेर झिरपतोय, पण त्या घामाबरोबर रोग काही बाहेर जात नाही. दालचिनी वेइला चालना देते, आंबट-कडवट पिओनी यिंगला आवर घालते. आलं पहिलीला साथ देतं, बोरं दुसरीला आणि ज्येष्ठमध सगळ्यांना सांभाळून घेतं. मेळ बसला की घाम येतो तो नेमका आणि उपयोगाचा.

कोरड्या अंगाच्या रोग्याला मात्र माह्वांग तांग. माह्वांग म्हणजे एफेड्रा, कोरड्या प्रदेशातलं काटक्यांसारखं झुडूप. सोबत दालचिनीच्या डहाळ्या, जर्दाळूच्या ७० बदामसदृश बिया आणि ज्येष्ठमध. माह्वांग आधी एकटंच उकळायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा आणि मग बाकीचे जिन्नस घालायचे. पांघरूण इथेही आहे, पण पेज नको, असं ग्रंथ स्पष्ट बजावतो. इथे दार बंद आहे ते उघडायचं, एवढंच काम. ते काम जोरकस असल्यामुळे घाम कोणाला आणू नये याची यादीही ग्रंथात दिली आहे: घसा कोरडा पडलेला, अंगावर जखमा-गळवं असलेला, नाकातून रक्त येणारा, रक्तस्रावाने क्षीण झालेला, मुळातच घामट असलेला.

प्रमाणाचं महत्त्व तर विलक्षण आहे. ग्वेजी तांगमधले पाचही जिन्नस तेच ठेवून फक्त पिओनी ३ ची ६ ल्यांग केली, की तो पोटदुखीवरचा काढा होतो. पिओनी ३ वरच ठेवून डहाळ्या ५ ल्यांग केल्या, तर ओटीपोटातून छातीकडे काहीतरी उसळत असल्याची तक्रार करणाऱ्याला तो द्यायचा. दुप्पट पिओनीच्या काढ्यात धान्यापासून केलेली माल्टची काकवी घातली, तर अशक्त, पोट आवळून येणाऱ्या रोग्याचं पोषण करणारा वेगळाच योग तयार होतो. म्हणूनच ‘दालचिनी कशावर चालते’ हा प्रश्न या परंपरेत अपुरा ठरतो. कोणाला, कशाबरोबर, किती आणि त्यावर काय खायला द्यायचं, हे सगळं मिळून औषध.

ही चौकट मोडली की काय होतं, ते माह्वांगच्याच बाबतीत दिसलं. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये त्यातून एफेड्रिन वेगळं केलं. पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट या संशोधकांनी त्यावर केलेलं संशोधन १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि दम्यावर ते जगभर वापरलं गेलं. इथवर ठीक. पुढे अमेरिकेत तीच वनस्पती वजन घटवण्याच्या आणि तरतरीच्या गोळ्यांत आली. ताप नाही, थंडी नाही, कातडीला कोणी हात लावलेला नाही, रोज गोळी. हृदयविकाराच्या, पक्षाघाताच्या आणि मृत्यूच्या नोंदी साचत गेल्या आणि २००४ मध्ये तिथल्या सरकारने अशा पूरकांवर बंदी घातली.

यावरून कोणी झांगचा सिद्धान्त सिद्ध झाला असं म्हणेल, तर ते मला मान्य नाही. एफेड्रिन श्वासनलिका रुंदावतं, हे प्रयोगाने सिद्ध आहे. वेइ आणि यिंग कोणत्याही उपकरणात दिसलेल्या नाहीत. त्यांचं मोल आहे ते निरीक्षणं मांडून ठेवणारी चौकट म्हणून. घाम आहे की नाही, नाडी ढिली की ताणलेली, असे प्रश्न त्या चौकटीने वैद्याला दर वेळी विचारायला लावले. कोणता काढा खरोखर गुण देतो, हे मात्र आजच्या नियंत्रित चाचण्यांनीच ठरायला हवं.

या लेखातली प्रमाणं ग्रंथाची ओळख म्हणून दिली आहेत, घरी करून पाहण्यासाठी नाहीत. साधं ज्येष्ठमधसुद्धा जास्त दिवस घेतलं, तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुढच्या लेखांकात ली शिझेन आणि १८९२ औषधांची नोंद असलेला त्याचा ‘बेनत्साओ गांगमू’ हा ग्रंथ.