जुन्या न्हाणीघराला शोभेल अशी फरशी

दादर-माटुंग्याकडच्या १९३०-४० सालच्या घरांत न्हाणीघर नवं करायचं ठरलं, की मला हमखास विचारतात, ‘जुन्यासारखी नक्षीची फरशी मिळते का हो?’ मिळते. १९२२ साली सुरू झालेली मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ती आजही बनवते.

ही फरशी भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, त्यामागे कोरडं मिश्रण भरायचं, दाबयंत्राखाली दाबायचं आणि पाण्यात मुरू द्यायचं. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड, म्हणून झिजली तरी नक्षी टिकते. पण तिला ग्लेझ नसतं. ती तेल-पाणी शोषते आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड तिला अक्षरशः खातं. म्हणून ती बेसिनपाशी, कोरड्या भागात लावावी. अंघोळीच्या जागी खरबरीत शहाबादीच बरी. घरात सत्तरीचं माणूस असेल, तर इथे हट्ट धराच. ओल्या गुळगुळीत फरशीवर पडून खुबा मोडलेलं कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीचं असतं. भिंतीला सहा इंची पांढरी टाइल, खांद्यापर्यंत. पुरे!

जुनी फरशी फोडण्याआधी मात्र कोपऱ्यातली एक हलक्या हातानं उचलून पाहा. खाली चुना असेल तर ती बहुधा अखंड निघते, सिमेंट असेल तर फुटते. आठ इंची वीस फरश्या वाचल्या तरी जवळजवळ नऊ चौरस फूट जागा भरते.

आणि नवी बसवण्याआधी जमिनीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवा, मग खालच्या शेजाऱ्यांचं छत बघून या.