बीएमआय नॉर्मल, मग पोट पुढे का?

ज्यांना इअरफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात हेल्थ चेकअप झालं. माझं वय २८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६९ किलो. फोनमधल्या ॲपने मस्त हिरवा टिक दिला: बीएमआय २३.९, नॉर्मल. मी खूश. मग रक्ताचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी ५.९. म्हणजे प्रीडायबेटिस, कारण ५.७ ते ६.४ हा त्याचाच पट्टा. बाबांना शुगर निघाली ४७व्या वर्षी. मी १९ वर्षं आधीच रांगेत उभा! आई म्हणाली, "अरे, पण तू कुठे जाड आहेस?"

आजचा एपिसोड याच प्रश्नावर आहे.

अलर्ट वाजलाच नाही

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. बहुतेक ॲप २५ च्या पुढे 'जास्त वजन' आणि ३० च्या पुढे 'लठ्ठ' म्हणतात. पण भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ सालीच वेगळ्या रेषा सुचवल्या: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. सर्व्हरवर थ्रेशोल्ड चुकीचा लावला की अलर्ट वाजत नाही आणि सिस्टीम एक दिवस थेट बसते. माझं तसंच झालं.

रेषा वेगळ्या का? याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आकडा एकच, आत दुपटीहून जास्त फरक. बीएमआयला फक्त वजन कळतं. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे कळत नाही.

हे सुरू कधी होतं? तर जन्माआधी. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायांचा आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हडकुळी. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. या प्रकाराला 'थिन-फॅट' म्हणतात. म्हणजे कुपोषण एका टोकाला आणि लठ्ठपणा दुसऱ्या टोकाला, असं नाहीये. आईच्या ताटात कमी पडलं, तर त्याची किंमत मूल मोठेपणी चुकवू शकतं.

एका युजरची चूक की बग?

आता मोठं चित्र बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या बायका २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुष १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर. आणि हे २५ ची रेषा धरून, २३ ची नाही बरं का!

एका युजरला एरर आली तर म्हणू, त्याने काहीतरी चुकीचं दाबलं. चारातल्या एकीला येत असेल तर बग सिस्टीममध्ये आहे. चार-पाच वर्षांत एवढ्या लोकांची इच्छाशक्ती अचानक संपली, असं होतं का? बदललंय ते आजूबाजूचं: बसून काम, चालायला फुटपाथ नाही, रात्री बारालाही दारात येणारं जेवण, आणि फळापेक्षा स्वस्त बिस्किटाचा पुडा.

म्हणूनच हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे. मेक्सिकोने २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर पुढेच काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणावर कर आणला, आणि तो वाचवायला बऱ्याच कंपन्यांनी आधीच साखर कमी केली. ग्राहकाला उपदेश न करता! आपल्याकडे सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. चांगलं आहे, पण पाकिटावरची माहिती अजून मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात.

आज रात्री एवढं करा

एक: शिवणकामाची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध, नेहमीसारखा श्वास सोडून मोजा. पोट आत ओढायचं नाही! पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही धोक्याची रेषा. पँटचा साइज धरू नका, ती आपण पोटाखाली घालतो.

दोन: बाटलीमागचा आकडा १०० मिलीचा असतो. तिथे १० ग्रॅम साखर लिहिली असेल, तर ६०० मिलीत ६० ग्रॅम, म्हणजे साधारण १५ चमचे. चहात कोणी एवढी घालेल का?

तीन: ग्रुपवर कोणाला 'जाड्या' म्हणणं बंद. लाजलेला माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो.

माझी कंबर ९४ भरली. बाबांनीही टेप मागून घेतली. आता आम्ही दोघं जेवल्यावर सोसायटीला चार फेऱ्या मारतो. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट आहे. जो आकडा येईल तो इथेच सांगेन.

तोवर टेप शोधा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!