राउटर, सागवान आणि सांध्याचं माप

कोराडी म्हटलं की जगदंबेचं देऊळ आणि वीज केंद्राची धुराडी आठवतात, सुतारकाम सहसा कोणाला आठवत नाही. पण हे गाव नागपूरला, म्हणजे सागवानाच्या मोठ्या बाजारपेठेला, खेटून आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग नागपुरात उतरतो. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेलं. इतकं महाग लाकूड हातात असताना सांधा चुकवणं कोणालाच परवडत नाही, म्हणून या भागातल्या कामात राउटरचा, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकडात खाच कापणाऱ्या यंत्राचा, विचार नीट व्हायला हवा. या यंत्रामुळे सुताराचं कसब संपतं, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. राउटर आल्यावर कसब पटाशीच्या धारेवरून उठतं आणि मापात, खुणेत, फेन्स म्हणजे यंत्राला कडेपासून ठरावीक अंतरावर ठेवणारी आधारपट्टी बसवण्यात जाऊन बसतं.

सुट्या कुसवाचा साधा सांधा घ्या: दोन्ही तुकड्यांत खाच आणि दोन्हींत बसणारं वेगळं कुसू. लाकडाची जाडी ३६ मिमी असेल तर साधारण एक तृतीयांश, म्हणजे १२ मिमी रुंदीची खाच मधोमध घ्यायची. त्याच मापाचा बिट, म्हणजे कापणारं पातं, लावला की खाचेची रुंदी आपोआप जुळते. उरतो तो फेन्सचा प्रश्न. समजा फेन्स अर्धा मिलिमीटर सरकली. दोन्ही तुकड्यांवर दर्शनी बाजूची खूण केली आणि दोन्ही खाचा त्याच बाजूला फेन्स टेकवून घेतल्या, तर चूक दोन्हीकडे सारखीच होते आणि जोडल्यावर पृष्ठभाग सपाट राहतो. एक खाच दर्शनी बाजूने आणि दुसरी मागून घेतली, की तीच चूक दुप्पट होऊन सांध्यावर एक मिलिमीटरची पायरी उभी राहते. यंत्र तेच, बिट तोच. फरक पडला तो पेन्सिलीच्या एका खुणेनं. खोल खाच एका दमात कापू नये, हेही त्याच शिस्तीतलं. चार-पाच मिलिमीटरच्या फेऱ्यांनी खाली गेलं तर बिट थरथरत नाही आणि कड जळत नाही. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. म्हणून कार्बाइडचा बिट घ्यावा आणि बोथट झाला की लगेच बदलावा.

जुने कारागीर म्हणतील, हे सगळं पटाशी आणि गुण्यानंही होतं. होतंच, आणि एकच चौकट करायची असेल तर कदाचित लवकरही होतं. राउटरचा आवाज कानठळ्या बसवतो, सागाचा बारीक भुसा नाकात जातो. कानाला आणि नाकाला संरक्षण हवंच. पण वीस खिडक्यांच्या चौकटी करताना विसावी खाच पहिलीसारखीच यावी, ही अपेक्षा दिवसभर राबलेल्या हाताकडून ठेवणं अन्यायाचं आहे. एकदा बसवलेली फेन्स संध्याकाळपर्यंत तिथंच राहते.

त्याहून वजनदार आक्षेप हवामानाचा आहे. नागपुरात मे २०१३मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि जुलैत तीच हवा ओलीचिंब होते. इथं अचूकपणा टिकणार तरी किती? साग कमी हलणारा, तरीही ओला ते पूर्ण सुका होताना वार्षिक वलयांच्या दिशेनं तो सुमारे ५.८ टक्के आकसतो. त्या हिशेबानं ३०० मिमी रुंद फळीतला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर ती दोन मिलिमीटरहून जास्त हलू शकते. दाराची फळी चौकटीत घट्ट चिकटवली तर पावसाळ्यात तीच कोपऱ्याचे सांधे उघडते. इथंच राउटर खरा उपयोगी पडतो. चौकटीच्या आतल्या कडांना सलग, एकसारखी खाचपट्टी घ्यायची, फळी तीत सरकवायची, दोन्ही बाजूंना फुगायला जागा सोडायची, आणि गोंद फक्त कोपऱ्यांच्या कुसवांना लावायचा.