वैमानिकाचा संसार

लष्करी वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी लग्नाची गोष्ट निघाली, की प्रथम जिवाच्या धोक्याची चर्चा होते. धोका आहे, यात शंका नाही. परंतु या पेशाचा आणि संसाराचा खरा झगडा आहे तो वयाचा. आणि वडीलधाऱ्यांचे लक्ष तिकडे क्वचितच जाते.

भारतीय वायुदलाच्या उड्डाण शाखेत पदवीधरांना प्रवेश मिळतो तो सामान्यतः 20 ते 24 या वयात. पंचविशीच्या आतील उमेदवार अविवाहितच असावा लागतो. हैदराबादजवळ दुंडिगल येथील अकादमीत शिक्षण चालू असता ज्याने विवाह केला, त्याचे नाव तर कमी होतेच, शिवाय त्याच्यावर झालेला सरकारी खर्चही भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. नियम कठोर खरा, पण निष्कारण नव्हे. उड्डाणाचा हात सरावावर अवलंबून असतो, आणि अधिकारपद मिळाले म्हणजे शिक्षण संपले असेही नाही. लढाऊ वैमानिकास त्यानंतर बिदर येथे हॉक विमानावर धडे घ्यावे लागतात, आणि पुढे तुकडीत गेल्यावर पुन्हा नव्याने तयारी करावी लागते.

पुरुषाचे लग्न यापायी लांबले, तर घरचे थोडे कुरकुरतात, इतकेच. स्त्रीचे तसे नाही. 18 जून 2016 रोजी देशातील पहिल्या तीन स्त्रिया लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या, तेव्हा शिक्षणात खंड पडू नये म्हणून चार वर्षे मातृत्व लांबणीवर टाकण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला होता. तो सल्ला होता, आज्ञा नव्हे. तथापि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांना पितृत्वाविषयी असे कोणी बजावल्याचे ऐकिवात नाही.

पुढे प्रश्न येतो तो उपजीविकेचा. अल्प मुदतीच्या नेमणुकीत उड्डाण शाखेची सेवा 14 वर्षांची. निवृत्तिवेतनास मात्र सामान्यतः 20 वर्षे लागतात. म्हणजे मुले प्राथमिक शाळेत असतानाच नव्या नोकरीचा शोध आला. कायम सेवेत राहावे, तर दर दोनतीन वर्षांनी बदली. जोडीदार शिक्षक असल्यास दुसरी शाळा मिळण्याची आशा तरी असते. वकिलाला आपली अशिले ट्रंकेत भरून नेता येत नाहीत! काही ठाण्यांवर तर कुटुंबाला राहण्याची सोयच नसते.

पतिपत्नी दोघेही वायुदलात असली, म्हणजे हा पेच सुटला, असे पुष्कळांस वाटते. दोघांना एका ठिकाणी ठेवण्याचा विचार होतोही. परंतु प्रत्येक तळावर प्रत्येक जातीचे विमान नसते. एकाचे सुखोई पुण्यास लोहगावला आणि दुसऱ्याचे मालवाहू विमान आग्र्याला असले, तर मूल कोणाजवळ राहणार आणि आजी कोणत्या गावी जाणार, हे त्या घरालाच ठरवावे लागते. आणि पुढची बदली आली, की पुन्हा एकदा ठरवावे लागते.